लाभ

नाव सांगत नाही त्या सिनेमाचं.
सांगितलं तर तुम्ही म्हणणार, कधी ऐकलं नाही बुवा,
नाहीतर म्हणणार, अहो, तो तर सगळ्यांना माहीत आहे.
दोन्ही ऐकून कान किटलेत माझे.

पुतण्या पुण्याला असतो, इंद्रजित.
फोनवर चिडला, काका, अप्रसिद्ध कसा?
तीन देशांत बक्षीस आहे त्याला.
आमच्यात सगळ्यांनी पाहिलाय.
सगळ्यांनी म्हणजे किती रे?
तो मोजायला लागला. खरंच मोजलं पोरानं.
खोलीवरचे चार, क्लबातले वीस-बावीस,
एक सर, त्यांनी दोनदा पाहिला,
ते दोन धरायचे का, म्हणाला.

उदगीरला तो शुक्रवारी लागला,
सकाळी साडेनऊचा एकच खेळ.
पोस्टरवर दोन्ही बाजूंनी वाकलेल्या ओंब्या,
मधे मुंगीएवढी परदेशी अक्षरं.
मोंढ्यातला एक आडत्या थांबून म्हणाला,
कोणत्या कंपनीचं बियाणं हाय हे?

पाच तिकिटांच्या खाली मशीन लावायचं नाही,
मालकाचा नियम.
खिडकीत मी.
कंधारे मॅडम आल्या, पर्समध्ये पेपरचं कात्रण घेऊन.
पॉलिटेक्निकची दोघं आली,
कोणता सिनेमा हे त्यांनी विचारलं नाही,
कोपरा आहे का, एवढंच.
मग देगलूरची एसटी हुकलेला एक जण,
काखेत नव्या चपलांचा खोका.
फायटिंग हाय का?
नाही.
गार हवा?
आहे.
द्या मग एक.

पावणेदहा. वरच्या भोकातून खय्यूमभाई ओरडला,
चालू करूं क्या नक्को?
मी खिशातून ऐंशी रुपये काढून गल्ल्यात टाकले,
माझंच तिकीट मीच फाडलं,
आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्या टॉकीजमध्ये आत जाऊन बसलो.

अर्धा तास काही झालं नाही.
एक म्हातारा. एक ओटा. ज्वारीची रास.
कॅमेरा त्याच्या बोटांवरून हलेना.
चपलावाला घोरत होता,
कोपरा त्याच्या कामात होता.
मग म्हाताऱ्यानं पहिली पायली भरली,
हातानं वरची रेघ सारखी केली
आणि म्हणाला,
लाभ.

खाली इंग्रजीत उमटलं, एक.

माझा बाप मापाडी होता.
जन्मात त्यानं राशीवर एक म्हटलं नाही.
एक म्हणजे एकच, पुढं काही नाही.
लाभ म्हणायचं, मग दोन.
बक्षीस देणाऱ्यांनी एक वाचलं असणार.
त्यांना तेवढ्यानंही आवडला, हेही खरंच,
म्हणजे त्यात आणखी काहीतरी असेल
जे मला दिसलं नाही.

पण अंधारात, माझ्या मागच्या रांगेतून,
झोपेतून उठल्यासारखा, स्पष्ट, खणखणीत आवाज आला,
दोन.

कंधारे मॅडमनी मान वळवून पाहिलं.
चपलावाला ताठ बसला होता.
तीन, पडद्यावरचा म्हातारा म्हणाला.
चार, हा म्हणाला.
अठ्ठावीसपर्यंत दोघं बरोबर गेले.

बाहेर येताना त्यानं खिडकीशी विचारलं,
उद्या हाय का? थोरल्या भावाला आणलो असतो.
उद्या नव्हता.
शनिवारपासून दुसरा, चार खेळ, त्याला गर्दीही झाली,
मीही शिट्टी ऐकून हसलो, खोटं कशाला बोलू.

मालकानं हिशेबाची वही बघितली.
पासंगालाबी पुरले नाहीत की रे, म्हणाला.
बरोबर आहे.
पासंगाशिवाय काटा कुणीकडं कलतो
हे त्याला माझा बापच सांगू शकला असता.

रात्री पुन्हा इंद्रजितचा फोन.
किती आले होते काका?
बाहेर कुत्रं भुंकत होतं,
खय्यूमभाई शटर ओढत होता,
मी बोटं उघडली.
लाभ, म्हणालो.
काय?
थांब रे, मोजतोय.